चोरओटी

चोरओटीला बायका मोजक्याच बोलवायच्या असतात, हे मनोरमाबाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं. गाजावाजा न करता भरायची म्हणून तर तिला चोरओटी म्हणतात! पण सांगणार कोण? अबूधाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या त्या उंच टॉवरमध्ये शनिवारी दुपारी दुबईहून दोन गाड्या भरून बायका आल्या. खालच्या सिक्युरिटीवाल्याने फोन करून विचारलं, "मॅडम, पार्टी है क्या?" मधोमध पाटावर बसली होती विभावरी. हिरवी साडी, पाचवा महिना आणि चेहऱ्यावर 'उरका एकदाचं' असा भाव.

विभावरी एका बँकेत कंप्लायन्सला होती. म्हणजे दिवसभर लोकांना 'हे चालणार नाही' असं सांगायचा तिला पगार मिळायचा. घरी आल्यावर मात्र नाही म्हणायचा तिला कंटाळा यायचा, आणि याचा फायदा नवरा आणि सासू दोघंही बिनदिक्कत घ्यायचे. आजची गर्दीही त्यातलीच. तिने 'चार जणी बोलवा' म्हटलं होतं, मनोरमाबाईंनी 'बरं' म्हटलं होतं, आणि झालं होतं हे.

तांदूळ झाले, हळकुंड-सुपारी झाली, खण-नारळ झाला. मग मनोरमाबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या, दोन्ही हातांत काहीतरी धरून आल्या आणि सुनेच्या ओटीत ठेवलं. लिंबाएवढा तांबडा दगड, वर शेंदूर फासलेला.

"ज्याने दिलं त्याचाच आशीर्वाद गं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

या दगडाची गोष्ट अशी. गेल्या जुलैत, अबूधाबीत बाहेर पाऊल टाकलं की चपला वितळायच्या बाकी राहतात त्या दिवसांत, हे तिघं ऑस्ट्रेलियाला फिरायला गेले. तिथे मधोमध वाळवंट आहे, आणि त्यात उलुरू नावाचा एकच एक भला थोरला तांबडा डोंगर. अनंगू नावाचे तिथले मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगराला धरून राहत आलेत. त्यांच्यातलीच एक प्रौढ बाई यांना डोंगराच्या पायथ्याने फिरवत होती. ती शांतपणे इंग्रजीत सांगत होती की हा डोंगर आमच्या पूर्वजांचा आहे, आमचे सगळे रीतिरिवाज त्यात आहेत. अमक्या ठिकाणी फोटो काढू नका. आणि इथली माती, इथला दगड, काहीही सोबत नेऊ नका, ते या जागेचं आहे.

मनोरमाबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी लेकाला कोपराने ढोसलं. "काय म्हणते रे ती?"

चारुदत्तचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. तो म्हणाला, "जागृत देवस्थान आहे म्हणते."

एवढंच! आता मराठी बाईला एकदा 'जागृत देवस्थान' म्हटल्यावर पुढे काय होणार? मनोरमाबाईंनी चपला काढल्या, हात जोडले. देवाला आलं की घरी काहीतरी न्यायचं असतं, अंगारा, तीर्थ, नाहीतर निदान एखादं फूल. तिथे ना पुजारी ना अंगारा. पायाशी पडलेला एक दगड त्यांनी उचलला, पदराने पुसला आणि पर्समध्ये टाकला. चोरी हा शब्द त्यांच्या स्वप्नातही नव्हता. त्यांनी आपला प्रसाद घेतला होता.

घरी आल्यावर विभावरीने तो देव्हाऱ्यात पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि नेहमीसारखं 'जाऊ दे' म्हटलं. पुढे दोन महिन्यांत तिला दिवस राहिले. याआधी दोनदा राहिले होते, आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ठोका नव्हता. दोन्ही वेळा ती रिकाम्या हाताने घरी आली होती. त्यामुळे या खेपेला जेव्हा तिसरा महिना पार पडला, तेव्हा मनोरमाबाईंनी दगडाला शेंदूर फासला आणि फोनवरून सगळ्या आखातात बातमी केली की ऑस्ट्रेलियाचा देव नवसाला पावतो.

"आम्ही तर ठरवलंच," दुबईतल्या अल मनखूलच्या स्मितावहिनी आता म्हणाल्या. त्या तिथल्या मराठी मंडळाच्या सहलींच्या प्रमुख. "जूनमध्ये बारा जणी जातोय. प्रत्येकीने एकेक आणायचा. माझ्या सुनेलाही लग्नाला सहा वर्षं झाली. विभा, तो नेमका कुठे मिळाला तेवढं मनोरमाताईंना नकाशावर दाखवायला सांग हं."

बारा जणी. बारा दगड. विभावरीच्या डोळ्यांसमोर ती प्रौढ बाई आली. हळू बोलणारी, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारी, समोरच्याला कळलं असेल असा विश्वास ठेवणारी. आणि इतके महिने गिळलेलं 'नाही' वर आलं. तिने ओटीतला दगड उचलला आणि समोरच्या टीपॉयवर ठेवला.

"हा नको."

"अगं अगं, ओटीतलं काढू नये!" चार बायका एकदम ओरडल्या.

"आणि ओटीत दुसऱ्याचं घालू नये, हे नाही का कुठे लिहिलेलं? चोरओटी म्हणजे गुपचूप भरलेली ओटी. चोरीच्या मालाने भरलेली नव्हे!"

मनोरमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. स्मितावहिनी मात्र कसलेल्या. "चोरी कसली गं? दगड तो! रस्त्यात पडलेला!"

"उद्या कोणी गोरा आपल्या देवळात आला आणि गाभाऱ्यातली पळी उचलून म्हणाला, ही तर खालीच पडली होती, तर चालेल?"

"देऊळ वेगळं, डोंगर वेगळा."

"कोणी ठरवलं, वहिनी? आपण? डोंगर त्यांचा, पूर्वज त्यांचे, त्यांनी नका नेऊ म्हणून सांगितलं, आणि आपण इथे एकमेकींना वाटत बसलोय. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तुम्ही जा खुशाल, सुंदर जागा आहे. पण हात हलवत या."

यानंतर बासुंदी कोणाला गोड लागणार? बायका लवकरच उठल्या. लिफ्टपाशी स्मितावहिनींनी विभावरीचा हात धरला, आवाज खाली आणला. "पोटुशी आहेस म्हणून सांगते. असं बोलू नये. जो पावतो तो कोपतोही."

हे वाक्य मात्र आत जाऊन रुतलं. विभावरीने दार लावून घेतलं.

आत मनोरमाबाई सोफ्यावर बसून रडत होत्या, आणि चारुदत्त टेबलावरच्या वाट्या गोळा करायच्या निमित्ताने नजर चुकवत होता.

"सगळ्यांदेखत चोर केलंस मला," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी कोणासाठी आणला तो? माझ्यासाठी?"

"तुम्ही चोर नाही, आई. पण तो परत जाणार. सोमवारच्या आधी."

सोमवारी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. त्या घरात गेले तीन आठवडे सोमवार हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

"आधी?" चारुदत्तने वाट्या खाली ठेवल्या. "विभा, प्लीज. पाठवू ना. मी स्वतः पाठवतो. पण सोमवार होऊ दे, रिपोर्ट येऊ दे, मग खलास, विषय संपला. दोन दिवसांनी त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांना नाही पडत. मला पडतो. सोमवारी ठोका ऐकू आला तर तुम्ही दोघं म्हणाल, पावला, आता कशाला पाठवायचा. नाही आला तर घाबरून पाठवाल. मी वाचलंय, चारू. जगभरातून लोक त्या डोंगराच्या पार्कच्या ऑफिसला दगड परत पाठवतात. सोबत पत्रं. आमचा अपघात झाला, आमचा घटस्फोट झाला, घ्या बाबा तुमचा दगड. म्हणजे त्या लोकांनी तोंडाने सांगितलं ते कोणी ऐकलं नाही, स्वतःवर शेकलं तेव्हा ऐकलं. मला घाबरून नाही पाठवायचा. माझं आत्ता चांगलं चाललंय, म्हणून आत्ता पाठवायचा."

"चांगलं चाललंय ते कोणामुळे?" मनोरमाबाई उसळल्या.

"डॉक्टरांमुळे. रोज पोटात टोचून घेते त्या इंजेक्शनांमुळे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि तुम्ही कावळ्याला शेंदूर फासलात!"

हे जरा जास्त झालं, हे तिलाही कळलं. ती सासूशेजारी बसली.

"आई, तुमच्या माहेरी देवराई आहे ना? तुम्हीच सांगितलंय. आतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही. तुमच्या भावाने एकदा करवंदं आणली तर तुमच्या वडिलांनी त्याला भर उन्हात ती परत ठेवून यायला लावलं."

"ते वेगळं. तिथला देव आमच्या ओळखीचा. त्याचे नियम आम्हाला ठाऊक."

"आणि त्या डोंगराचे नियम त्या बाईने स्वतः सांगितले. पायाशी उभं राहून."

"कधी सांगितले?" मनोरमाबाईंनी डोळे पुसता पुसता हात थांबवला. "ती म्हणाली जागृत देवस्थान आहे."

"ती म्हणाली, इथलं काही नेऊ नका."

मनोरमाबाईंनी हळूहळू मान वळवून लेकाकडे पाहिलं. चारुदत्त पंचेचाळीस वर्षांचा, हाताखाली चाळीस इंजिनियर बाळगणारा माणूस, पण त्या नजरेपुढे त्याचं पार कार्टं झालं.

"ती... म्हणजे हो, असं काहीतरी म्हणाली होती," तो म्हणाला. "मी फोटो काढत होतो गं आई. थोडक्यात सांगितलं."

"थोडक्यात!" मनोरमाबाई उठून उभ्या राहिल्या. "मेल्या, देवाच्या दारात मला अर्धंच सांगितलंस? मी ऐकलं असतं तर हात लावला असता का मी त्याला? सत्तर वर्षांत कोणाच्या दारची तुळस तोडली नाही विचारल्याशिवाय!"

त्या रागारागाने खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. विभावरीला वाटलं, जिंकले. पण थोड्याच वेळात दार उघडलं आणि मनोरमाबाईंचा आवाज आला, आता अगदी बारीक. "पाठवू या. पण सोमवार होऊ दे. माझी हिंमत नाही गं होत."

खरं सांगायचं तर हिंमत विभावरीचीही होत नव्हती. बोलायला काय जातंय? कंप्लायन्सवाल्या बाईला काय, नियम पाठ असतात. पण चौथा महिना लागला त्या दिवशी, घरात कोणी नसताना, तिनेही त्या दगडापुढे हात जोडले होते. 'राहू दे रे बाबा एवढं' म्हणाली होती. म्हणजे भीती तिच्या पोटातही बसलेली, बाळाच्या शेजारी, पाय पसरून. आणि तिला राग या भीतीचाच होता. आपल्या लेकराने जन्माला यायचं ते दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवून, उद्या देऊ परवा देऊ करत? छट्! यायचं असेल तर ताठ मानेने यावं. आणि नसेल यायचं तर... तिथे ती थांबली, नाक पुसलं आणि उठून खोबरेल तेलाची बाटली काढली.

शेंदूर सहजासहजी निघत नव्हता. तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. दगडाच्या एका चिरेत थोडा उरलाच. मनोरमाबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. मग पुढे येऊन त्यांनी सुनेच्या हातातून दगड घेतला, पदराचं टोक पिळून त्या चिरेत घातलं आणि जमेल तेवढं काढलं.

विभावरीने दगड एका खोक्यात ठेवला आणि सोबत एक चिठ्ठी घातली. इंग्रजीत, दोनच ओळींची. आमचं काहीही वाईट झालेलं नाही. हा तुमचा आहे, म्हणून परत पाठवतोय. खोक्यावर पार्कच्या ऑफिसचा पत्ता चिकटवला. रविवारी सकाळी चारुदत्त खोकं घेऊन गेला आणि तासाभराने हात हलवत परत आला.

"पाठवलास?"

"हो," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

सोमवारी क्लिनिकच्या इमारतीखाली बेसमेंटमध्ये गाडी लावली. मागच्या रिपोर्टांची फाइल डिकीत होती. विभावरीने डिकी उघडली. फाइल होती. फाइलशेजारी खोकंही होतं. तिच्याच अक्षरातला पत्ता वर.

तिने पत्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चारू."

चारुदत्तने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी काउंटरपर्यंत गेलो होतो, विभा. हातात धरून उभा होतो. नाही देता आलं. दोनदा मी तुला त्या खोलीतून बाहेर आणलंय. दोनदा! तिसऱ्यांदा मला... मला म्हणायला काहीतरी राहू दे की आम्ही सगळं केलं होतं. मूर्खपणा आहे, माहीत आहे मला. पण वर जाऊन येऊ आणि मग टाकू ना, बाजूलाच कुरियर आहे, तळमजल्यावर!"

तिला त्याची दया आली. भरून आलं अगदी. पण ती डिकीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हे गेल्याशिवाय मी वर येणार नाही."

"अपॉइंटमेंट आहे, विभा! नाव पुकारतील!"

"पुकारू देत. मी इथेच बसते, या पार्किंगमध्ये."

"मी तुला एकटीला सोडून कुरियरच्या रांगेत उभा राहू? आज?"

"मग नको राहू. मी उभी राहते."

"पाचव्या महिन्यात तू..."

"सरका दोघं."

हे मनोरमाबाई बोलल्या. त्या मागच्या सीटवरून कधी उतरल्या होत्या, कळलंच नव्हतं. त्यांनी लेकाला बाजूला केलं आणि डिकीतलं खोकं दोन्ही हातांनी उचललं.

"मी उचलला होता. मीच देते."

"आई, तिथे सगळं इंग्रजीत असतं," चारुदत्त म्हणाला. "तुला काय..."

"'ऑस्ट्रेलिया' म्हणता येतं मला. पत्ता लिहिलेला आहे, पैसे पर्समध्ये आहेत, आणि काउंटरवरचा पोरगा केरळचा नाहीतर पेशावरचा असेल, त्याला हिंदी येतंच. आत काय आहे विचारलं तर खरं सांगेन, दगड आहे म्हणून. तू सांगशील त्यापेक्षा पुरतं सांगेन!" मग त्या सुनेकडे वळल्या. "तू वर जा. पण मी फोन केल्याशिवाय त्या टेबलावर ऐकायचं नाही काही. समजलं? यल्ला, निघा."

आणि सत्तर वर्षांची ती बाई, नऊवारी नव्हे, पांढऱ्या बुटांवर पंजाबी ड्रेस घातलेली, खोकं छातीशी धरून लिफ्टकडे तरातरा निघाली. विभावरीने तिला इतक्या जोरात चालताना कधी पाहिलं नव्हतं.

वर नाव लगेच पुकारलं गेलं. सोनोग्राफी करणारी मल्याळी मुलगी हसतमुख होती, पण फाइल चाळल्यावर तिचं हसू आवरतं झालं. खोलीत अंधुक उजेड. पोटावर गार जेल पडलं. चारुदत्तने विभावरीचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं दुखायला लागली.

"रेडी, मॅडम?"

"एक मिनिट."

"मॅडम, पेशंट्स आर वेटिंग..."

"फक्त एक मिनिट. प्लीज."

त्या मुलीने चारुदत्तकडे पाहिलं. तो म्हणाला, "शी इज वेटिंग फॉर अ कॉल." त्याचा आवाज फाटला होता, पण तो म्हणाला. बायकोच्या बाजूने म्हणाला. विभावरीने त्याची बोटं दाबली.

एक मिनिट गेलं. मग आणखी एक. बाहेर कोणीतरी दार ठोठावून गेलं. विभावरीच्या मनात येत होतं, पुरे, ऐकून टाक, काय फरक पडतो, कोण बघतंय? पण ती पडून राहिली. पोट उघडं, डोळे छताला, दात आवळलेले. इतकी घाबरलेली ती आयुष्यात कधी नव्हती आणि इतकी हट्टालाही कधी पेटली नव्हती.

फोन वाजला.

"दिला गं," पलीकडून मनोरमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "घेतला त्याने. माझ्यादेखत आतल्या गाडीवर ठेवला. गेला. आता काय असेल ते आपलं आपण बघू."

"थांबा, आई. फोन ठेवू नका." विभावरीने फोन छातीवर ठेवला, स्पीकर लावला आणि त्या मुलीला म्हणाली, "हं. ऐकवा."

मुलीने यंत्र पोटावर टेकवलं. खरखर झाली. यंत्र डावीकडे सरकलं, खरखर. थोडं खाली सरकलं, पुन्हा खरखर. चारुदत्तने डोळे मिटून घेतले. विभावरीने नाही मिटले.

आणि मग ते आलं. धडधड, धडधड, धडधड. भरधाव, दांडगट, कोणाची परवानगी न विचारता.

मुलगी हसली. चारुदत्त हुंदके देऊन रडायला लागला. फोनमधून कुरियरच्या दुकानातला गलका ऐकू आला. मग मनोरमाबाईंचा रडवेला आवाज आला, "पावला गं! परत पाठवला म्हणून पावला!"

"आई!" विभावरी आडव्याआडव्याच गरजली. "तो पावलाही नाही आणि कोपलाही नाही. त्याला आपलं नावसुद्धा माहीत नाही. तो त्यांचा आहे, त्यांच्याकडे चाललाय. बस!"

"बरं बाई, बरं. नाही पावला." मनोरमाबाईंनी नाक ओढलं. "पण ठोका चांगला आहे ना गं?"

"चांगला आहे," विभावरी म्हणाली. आता तिलाही रडू आवरेना. "चांगला आहे, आणि आपला आहे."